दैनिक मंगळवार्ता

सेलूच्या आमच्या प्रेसवर लग्नपत्रिका थांबवून
एक अंक छापला. तारीख : १४ मार्च २१९१.
मालिकावाल्यांनी मथळा तेवढा दिला होता,
'घुमट क्रमांक सातला तडा.'
खाली काहीही भरा, म्हणाले,
कॅमेरा दोन सेकंद थांबेल, कोण वाचतंय.

मोईनचाचांना काहीही भरता येत नाही.
चाळीस वर्षं खिळे जुळवलेला माणूस,
रिकामा रकाना दिसला की ठसका लागतो.
रात्रभर बसले.
नळाला पाणी नवव्या दिवशी,
पूर्व घुमटाने भांडी भरून ठेवावीत.
मोंढ्यात तुरीची आवक घटली.
हरवली : तांबडी शेळी, डाव्या कानाला कातर,
ऑक्सिजनच्या टाकीमागे शेवटची पाहिली.
श्रद्धांजलीच्या चौकटीत फोटो नव्हता,
नुसतं नाव : रुबीना, वय सहा.
प्रूफ वाचताना तिथं माझी पेन्सिल थांबली.
विचारलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं पाहिलं.

मालिकेत अंक दिसला.
नटानं उलटा धरला होता.

उरलेली रद्दी स्टँडवरच्या भज्याच्या गाड्यावर गेली.
परवा परभणी गाडीची वाट बघत एक बाई
मिरचीचं तेल झटकून वाचत होती.
"नवव्या दिवशी? कुठलं गाव हो हे?"
"मंगळ," म्हणलं.
"बरंय की. आमच्याकडं बाराव्या."
मग कागदाची नीट घडी करून
पिशवीत ठेवली.
"कामून?"
म्हणाली, "शेळी दिसली तर."