नवांतली एक

रविवारी दुपारी चारला मराठी भक्ती.
सकाळच्या हिंदी भक्तीची गर्दी ओसरलेली,
आम्ही एकवीस डोकी, बहुतेक पांढरी.
हंगामाचा सण. वेदीपाशी भोपळे,
सोयाबीनची पिशवी, कुणाच्या गच्चीवरचे दोन पेरू.
पाळकसाहेबांनी चिठ्ठ्या वाटल्या:
एकेक उपकार लिहा आणि डब्यात टाका.
डबा पेढ्यांचा, झाकणाला चीर पाडलेली.

पेन चालत होतं. मी तळहातावर रेघ ओढून पाहिली.
चिठ्ठी कोरीच दुमडली, चार घड्या,
शेजारच्या विमलप्रभेला वाटावं पुष्कळ लिहिलंय
अशी दाबून आत सरकवली.

काय लिहायचं होतं?
मार्चात मनोहर गेले.
मोठ्या दवाखान्यात अकरा दिवस, खिडकीजवळचा पलंग,
खिडकीतून फक्त पाण्याची टाकी.
मी मागितलं होतं. गुडघे टेकून, त्यांचं नाव घेऊन,
अगदी स्पष्ट मराठीत.

शब्बाथशाळेत फ्लॅनेलचा फळा असायचा.
दहा कुष्ठरोगी चिकटवायचं काम माझं.
एक परत फिरायचा, पायांशी यायचा.
उरलेले नऊ पंख्याच्या वाऱ्याने सुटून
बाकाखाली जायचे.
कृपाताई म्हणायच्या, राहू देत, गोष्ट संपली.
मला संपल्यासारखी वाटायची नाही.
कुणाची आई दाराशी उभी होती का?
आपलं पोर तिनं लांबूनच ओळखलं का?
वाईट नव्हते ते नऊ. त्यांना घरी जायचं होतं.

आणि त्यांना निदान नवी कातडी मिळाली होती.
मला काय मिळालं म्हणून मी वळू?

भक्तीनंतर सिटी बस. पलासियाला एक पोरगा चढला,
कानाखाली साबणाचा ठिपका तसाच राहिलेला,
आणि ती सकाळ समोर आली.
मनोहरांनी खुणेनं गाल दाखवला होता.
दाढी. चाळीस वर्षांत दाढी केल्याशिवाय
ते भक्तीला गेले नव्हते.
माझे हात कापत होते.
वॉर्डातल्या सौरमबाईनं झाडू भिंतीला टेकवला,
हात धुतले, दोनदा,
आणि अंगठ्यानं त्यांचा गाल ताणून
इतकं सावकाश पातं फिरवलं,
झोपलेल्या मुलाची नखं कापावीत तसं.
मग म्हणाली, "लो बाबूजी, बन गए दूल्हे."
ते हसले. त्यानंतर हसले नाहीत.
मी तिला काहीच म्हटलं नव्हतं.
मी सलाईनचे थेंब मोजत होते.

गीता भवनला उतरले. माझा थांबा पुढे होता.

सौरमबाई पायरीवर बसून कचोरी खात होती.
तिला काही आठवेना. "कौन से बाबूजी?"
खिडकीजवळचे, मी म्हटलं.
"खिडकी के पास तो रोज कोई रहता है."
दाढीचं सांगितलं. ती नुसतीच मान हलवत राहिली,
दाढ्या तिनं कितीतरी केल्या होत्या.
मग मी वाकले. गुडघा कटकन वाजला.
"तुझे उपकार आहेत," म्हटलं,
हिंदीत ते वाक्य मला जमेना.
ती दचकली, तेलकट बोटं पदराला पुसली
आणि अर्धी कचोरी माझ्यापुढे धरली,
जणू मी भुकेलीच आले होते.
आलेही असेन.

प्रभू, मनोहरांबद्दल मला तुझ्याशी अजून बोलायचंय.
ती कोरी चिठ्ठी एवढ्यात उघडू नकोस.
पण आज नवांतली एक मागे फिरली,
तोंडात मिरची, डोळ्यांत पाणी,
त्यातलं कुठलं कशाचं हे तुझं तू बघ.
आणि तू विचारलं होतंस ना, बाकीचे कुठे आहेत म्हणून?
वाटेत आहेत रे.
कुणाचं लग्न निघालं असेल,
कुणी आईला दोन्ही हात उलटसुलट करून दाखवत असेल.
येतील.
रविवारी बसा कमी असतात.