खड्याची गाठ

हिरवी जाळी, पंच्याहत्तर टक्के.
म्हणजे शंभरातलं पंचवीस ऊन तेवढं आत येणार,
दुकानदार म्हणाला.
हिशेब सोपा वाटला.
उदगीरच्या मे महिन्यात शंभर म्हणजे किती,
ते मी विचारलं नाही.

परसात दहा बाय बाराचा तुकडा.
आंबट चुका, शेपू, वांग्याची दोन ओळी रोपं,
आणि एक कढीपत्ता,
जो दर उन्हाळ्यात मरतो आणि मरत नाही.

पहिल्यांदा सुतळीनं बांधली.
चार कोपरे, चार बांबू,
तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यात पट्ट्या बांधलेला हात,
त्याला काय अवघड.
दुपारी तीनला वारं आलं
आणि जाळी गेली ती थेट बिरादारांच्या डिशवर.
त्यांच्या सूनबाईची मालिका बुडाली.
मग काठातून तार ओवली.
तारेनं कापड चिरलं,
जखम चिरत जाते तसं, काठापासून आत.
तिसऱ्या वेळचं सांगत नाही.
(विटा ठेवल्या होत्या. वांग्याची सहा रोपं गेली.)

खाजामियाँ गल्लीच्या तोंडाशी राहतात.
चाळीस वर्षं मंडप घातले त्यांनी,
लग्नाचे, उरुसाचे, पुढाऱ्यांच्या सभांचे.
आता पोरगं लोखंडी पाइप लावतं, नट आवळतं,
आणि मियाँ दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन
ओट्यावर बसतात,
चपलांच्या आवाजावरून माणूस ओळखतात.

"काय करलालाव, सिस्टर?"

जाळीचा काठ त्यांनी बोटांत धरला,
मी नाडी धरायचे तसा.
"कपड्याला भोक पाडून बांधायचं नसतंय.
सुटायचं ते भोकातूनच सुटतंय."
मग म्हणाले, खडे आणा.
कसले?
गोल. चिंचोक्याएवढे नको, लिंबाएवढे नको.
सुपारीएवढे.

काठाची दुहेरी घडी.
घडीत खडा.
बाहेरून त्याच्या मानेला नाड्याचे दोन फेरे
आणि एक गाठ.
बस्स.
खडा आत, दोरी बाहेर,
मधे कापड, कुठंही न टोचलेलं.
वारं जेवढं ओढेल
तेवढी मान आवळत जाते.

दुसरी मी बांधली.
त्यांनी चाचपली आणि सोडली.
"एवढं करकचून नको. झोळ ठेवा थोडा.
वाऱ्याला हलवू द्या की त्याचं त्याला."
चौतीस खडे आणले होते मी.
एकेक तळव्यावर तोलून त्यांनी दोन नाकारले,
का, ते सांगितलं नाही.

पैशाचं काढलं तर हात हलवला.
"पुढच्या महिन्यात ऑपरेशन हाय डोळ्याचं.
मागून थेंब घालाव लागतेत म्हणं, दिवसातून चारदा."
मी म्हटलं, येईन.
"पोरगं घालतंय, पण त्याचा हात थरथरतोय,"
असं म्हणाले, आणि चहात साखर जास्त झाली म्हणाले,
आणि पिऊन टाकला.

सोमवारी वावटळ आली, किल्ल्याच्या अंगानं,
धूळ, कागद, कुणाचं तरी शर्ट घेऊन.
मी खिडकीत.
जाळी फुगली, बसली, पुन्हा फुगली,
गुंगीतल्या पेशंटच्या छातीसारखी.
सवयीनं मी श्वास मोजले.
मिनिटाला बावीस.
जास्त आहेत, पण घाबरण्यासारखे नाहीत.

वारं पडलं तेव्हा
पूर्वेचा बांबू मुळासकट वर आला होता
आणि गाठीला लटकत होता,
हवेत, बोटभर.

ओट्यापाशी जाऊन सांगितलं.
"गाठ?"
गाठ आहे.
"मग बांबू तुमचा, सिस्टर."

आता पहारीनं हातभर खड्डा घेतलाय.
चुक्याच्या पानांवर ऊन पडलंय,
चाळून ठेवल्यासारखं.
खाली मुरूम लागला, लाल.
त्यातनं निघालेले दोन खडे
धुऊन बाजूला ठेवलेत.
सुपारीएवढे.