साडेतीनशे रुपये

फिल्टर बसवायला कंपनीचा पोरगा सोमवारी येणार होता,
साडेतीनशे घेणार होता.
परशराम म्हणाला, उद्यमबागेत लेथवर
मी केसाच्या दहाव्या भागाला माप धरतोय
आणि दोन भोकांना साडेतीनशे?
मेव्हण्याकडनं ड्रिल आणलं. रविवारी, जेवायच्या आधी.

पहिलं भोक बरोबर पडलं.
लाल भुकटी ओट्यावर, चिरलेल्या कांद्यावर.
"काय बघूलालीस गे, स्टूल धर की."
मी स्टूल धरलं.

दुसऱ्या भोकातनं आधी शिट्टी आली
मग बोटाएवढी धार, थेट त्याच्या चष्म्यावर.
तो हसला. मीपण हसले,
आता लाज वाटते इतकी हसले.
भिंतीतनं पाईप कुठनं गेलाय हे गवंड्यालाच ठाऊक,
आणि गवंडी गोव्याला गेला त्याला सहा वर्षं झाली.
धारेवर अंगठा दाबून तो म्हणाला, साबण आण, चिंधी आण.
मी मोरीकडं वळले.

पाणी भिंतीवरून उतरत होतं.
खाली बोर्ड. बोर्डात ड्रिलची पिन.
हे आता असं ओळीनं सांगता येतं.
तेव्हा फक्त स्टूल पडल्याचा आवाज,
आणि मागं बघते तर परशराम
ड्रिल धरून उभा, खरं हात त्याचा नव्हता.

पोळपाट कुठला मी उचलला, कसा मारला,
त्याच्या मनगटावर आजही निळं आहे.
ड्रिल सुटलं. तो पडला
तिथंच, कांद्याच्या सालीत,
ओठ जांभळाच्या रंगाचे.

एकशेआठला मी लावला फोन.
पलीकडची बाई कन्नडमध्ये काहीतरी विचारत राहिली,
मी राधानगरीकडची, मला येतं ते "गोत्तिल्ला" एवढंच.
"वडगाव, वडगाव" म्हणत मी रडत होते.

तेव्हा सासूबाईंनी माझ्या हातातनं फोन घेतला.

या घरात कन्नड फक्त लाईटबिलावर असायचं.
सासरे होते तोवर त्यांनी तेही उलटं करून ठेवलं.
आणि सासूबाई,
भाजीवाल्याशीसुद्धा मराठीत घासाघीस करणाऱ्या सासूबाई,
एका दमात म्हणाल्या,
"नन्न मगग करंट होडदैत्री. लगून बर्री.
गिरणी हिंद, बलक्क, नीलि बागला."
निळं दार. एवढंच मला समजलं.
नाव विचारलं असणार, कारण त्या म्हणाल्या,
"गंगव्वा."

मी बारा वर्षं त्यांना सुलोचना म्हणून ओळखते.

गाडी आली. चालकाशी त्या वाटभर बोलत होत्या,
डाव्या हातानं पोराचे केस मागं सारत.
कुठल्या गावचं, कुठल्या ओढ्याचं काय काय,
की नुसतंच "बेगं हो, बेगं हो", मला काय कळणार.
आवाज मात्र त्यांचा नव्हता,
कुणा सोळा वर्षांच्या पोरीचा होता,
जिचं लग्न अजून ठरलेलं नाही.

दोन बोटांची टोकं भाजली. काळीज ठीक आहे म्हणाले.
संध्याकाळी त्यानं डोळे उघडले,
आधी विचारलं, ड्रिल जळलं का? मेव्हणा मारील मला.
मग आईकडं बघून,
"आई, नर्सबाईशी तू काय बोलूलालतीस?
तुला येतंय?"

सासूबाईंनी पिशवीतली केळी मोजली.
मला म्हणाल्या, अगदी रोजच्या मराठीत,
"आज आपल्या गल्लीची पाण्याची पाळी हाय.
घरी जा, हंडे भरून घे.
आणि भिंतीतल्या त्या भोकात
चिंधी कोंबलीस की न्हाई?"

न्हाई कोंबली.
घरी आले तर ओट्याखाली तळं,
तळ्यात कांद्याच्या साली तरंगत होत्या,
आणि फिल्टरचं खोकं, कोरडं, खुर्चीवर,
जसं कुणी पाहुणा बसून वाट बघतोय.

सोमवारी कंपनीचा पोरगा आला.
भिंतीकडं बघून म्हणाला,
एक भोक तयारच आहे, तीनशे द्या.