बिनबाणाचे महिने

होळी झाली की डोंगर कठोऱ्यात
धनुष्याची दोरी उतरते.
कोरड्या फडक्यानं पुसायचं,
जुन्या लुंगीत गुंडाळायचं
आणि गव्हाच्या कोठीमागं ठेवायचं, आडवं.
उभं ठेवलं की वाकतं.
माणसाचं उलट.

गवताचं निशाण मार्चातच फुटलं,
अर्धं शेळीनं खाल्लं, अर्धं वाऱ्यानं नेलं.
पुढची स्पर्धा दिवाळीनंतर, थंडीत.
मधे सेहेचाळीस डिग्रीचे दोन महिने,
चिखलाचे चार,
आणि माझं एकसष्टावं वर्ष.

तीस वर्षं लाइनमन होतो. खांब चढायचो, तारा ताणायचो,
खांद्याला वेगळं काही शिकवावं लागलं नाही.
आता तो रोज सकाळी विचारतो,
कोण तू?

जळगावची फिजिओ, माझ्या धाकटीच्या वयाची,
पाठीवर बोट टेकवून म्हणाली,
काका, हातानं नाही, इथून ओढायचं.
खांद्याच्या दोन पात्यांमधे सुपारी धरलीय समजा,
पडू द्यायची नाही.
बाहेर आलो आणि खरंच
दहा रुपयांची सुपारी घेतली.

तर रोज, ऊन अंगणात उतरायच्या आत,
खिडकीच्या गजाला सायकलची ट्यूब.
हनुवटीपर्यंत ओढतो.
धरतो.
ओसरीवर जैनूर बिबड्यांचं पीठ घाटता घाटता मोजते,
सहा, सात, आठ,
आणि शेजारीण आली की तिच्याशी बोलायला लागते.
नऊ यायला
कधी कधी अख्खं लग्न जमून मोडतं.
मी धरून असतो.

बोरच्या पाण्याचे दोन कॅन, पाच-पाच लिटरचे,
मशिदीपासून घरापर्यंत, खांदे कानांपासून लांब ठेवून.
एका पायावर उभं राहून दात घासणं
(नातू हसतो. हसू दे. तोही दोनदा पडला).
या वर्षी गल्लीतल्या पाच घरांच्या कुरडयांचा सोऱ्या
मीच दाबला.
रात्री बोटं तशीच आखडून राहतात,
सकाळी गरम पाण्यात
एकेक करून सुटतात.

गुलशेर आला परवा.
त्याच्या धनुष्यावर दोन वर्षं टॉवेल वाळतोय.
उंबऱ्यात बसून बघत राहिला, मग म्हणाला,
भो, आता कोनाले दाखवाचं हाये?
मी काही बोललो नाही.
आठवर होतो.

एक गोष्ट मात्र तरणेपणी कळली नव्हती.
चाळीस पौंड ओढायचो तेव्हा
ओढलं की सोडलं,
बाण गेला, भारही त्याच्याबरोबर गेला.
मागे राहिलेल्या हाताचा विचार
कोण करतो?
आता बाण नाही.
आणि रिकामी दोरी सोडायची नसते,
बाणाशिवाय सुटली तर धनुष्यच फोडते,
हे बापानं पहिल्या दिवशी कान धरून सांगितलेलं.
ट्यूब असली म्हणून काय,
हाताला सवय एकच लागते.
म्हणून जेवढं ओढलं तेवढं
परत आणून ठेवायचं, इंच इंच, श्वास न अडवता.
ओढण्यापेक्षा हे परतणं जड.
हात थरथरतो तो इथंच.

यंदा बत्तीस पौंडांची पाती मागवलीयत.
जैनूरला सांगितलंय, गुलशेरला नाही.
बाण थोडा खाली पडेल,
तर थोडं वर धरेन.
वाऱ्याचा हिशेब तोच आहे,
सातपुड्याकडून येतो, दुपारनंतर फिरतो.

आज ती बिबडे उलथायला गच्चीवर गेली
आणि तिथंच रमली.
मी ट्यूब धरून उभा.
ऊन पहिल्या पायरीवर आलं, दुसरीवर आलं.
सुपारी जागेवर होती.
शेवटी मीच म्हटलं, नऊ,
आणि हळूहळू
परत यायला लागलो.