साडेतेवीस

टेम्पो सायनला अडकला, डेस्क दीड तास उशिरा आला,
आणि चालू केला तर आत कुणाचं तरी लग्न अजून बाकी होतं.
सीन एक, नवरीची एन्ट्री. सीन चार, केक.
सीन नऊ, मामांचं भाषण, माईक लांब धरा.
मी पेनड्राइव्ह लावला. डेस्कने विचारलं, सगळं पुसू?
पूस म्हटलं.
मामा गेले, केक गेला,
त्यांच्या जागी आमचं दोन खोल्यांचं घर आलं,
मुलुंडला, साडेचारच्या प्रयोगाला.

नाटकात प्रवेश सहाच.
माझ्याकडे सीन एकेचाळीस.
लेखकाचं ‘दार उघडतं’ एवढ्यावर भागतं.
मला बघावं लागतं दारातून कोण येतंय, कुठल्या माईकवर,
त्याआधी कुणाचा बंद,
आणि घरातला पंखा किती सेकंदांत विरायचा.

बावकर जुन्या डेस्कवर शिकलेले,
फेडरशेजारी पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर पेन्सिलची रेघ.
माझं हे मांडलेलं बघून म्हणाले,
सीन म्हणजे डबा गं, सकाळी भरलेला.
दुपारी भूक कशाची लागेल, डब्याला काय ठाऊक?

म्हणून दिगूकाकांचा चॅनल मी सेफ ठेवते.
सीन बदलो, त्यांना कुणी हात लावायचा नाही.
दिवाळीपासून त्यांचा आवाज रोज वेगळ्या पायरीवर बसतो,
माझं बोट फेडरवर, तेही तिथेच बसून.

एकशे अठ्ठ्याहत्तरावा प्रयोग. दुसरा अंक. सीन तेवीस.
काका एकटे, हातात विजेचं बिल.
पुढचं वाक्य: मीनल, दार लाव.
काका म्हणाले,
‘तुझी आई गेली त्या दिवशी…’

ते एकतीस आहे.
आठ सीन एका श्वासात ओलांडून माणूस पलीकडे उभा,
आणि माझा अंगठा ‘पुढे’च्या बटणावर.
दाबला तर चोवीस, पंचवीस,
सव्विसाला फोन वाजणार, खणखणीत,
बायको नुकती गेलेल्या घरात.
उडी मारून एकतीस घेतला
आणि काका मागे फिरले तर?

विंगेतून ऋजुता आली, तिची वेळ नसताना.
ओठ हलले. पहिल्या रांगेला ऐकू गेलं असेल,
माझ्यापर्यंत नाही. तिचा माईक बंद होता,
मीच बंद केलेला, जानेवारीत, व्यवस्थित विचार करून.

बटणांवरून हात उचलला.
तिचा फेडर वर नेला, नुसत्या बोटाने, रेघेशिवाय.
‘बाबा,’ ती म्हणत होती, ‘आईचं नंतर. आधी बिल.’
काकांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं.
‘हो की. भरलं का कुणी?’
सभागृह हसलं. त्यांना वाटलं, लिहिलेलंच आहे.
मीनल, दार लाव.
चोवीस.

मेकअपरूममध्ये टॉवेलने मान पुसत काकांनी विचारलं,
आवाज पोचत होता ना?
शेवटच्या रांगेपर्यंत, मी म्हटलं.
त्यांनी आणखी काही विचारलं नाही,
मी आणखी काही गुंडाळत बसले, केबल असावी.

तेवीस आणि चोवीसच्या मध्ये डेस्क जागा देतो,
पूर्णांकांच्या फटीत.
तिथे मी साडेतेवीस केला.
सगळ्यांचे माईक अर्धे उघडे,
फोन मुका, पंखा चालू,
कुणीही कुठूनही यावं, काहीही बोलावं.
आणि वर ‘वगळा’ची खूण: रोजच्या वाटेत तो लागतच नाही,
मुद्दाम गेलं तरच.
बावकरांना सांगितलं. ते म्हणाले, रिकामा डबा नेतेस होय बरोबर.
नेते.

बोरिवली झालं, वाशी झालं, ठाण्याला दोन.
काल पार्ल्याला तेविसाव्यात काका थांबले.
बिल खाली ठेवलं. चष्मा काढला.
सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले, एक काच, मग दुसरी,
परत पहिली.
ऋजुता विंगेत पुढे सरकली, मला तिची सावली दिसली.
मी साडेतेवीसवर बोट टेकवलं.
दाबलं नाही.
पंखा फिरत होता, पंख्याचा मीच दिलेला आवाज.

‘मीनल,’ काका म्हणाले, ‘दार लाव.’

चष्माच पुसत होते.