बाकावरून

मिरजेच्या रेल्वे ग्राउंडवर
गवत फक्त कॉर्नरपाशी उगवतं,
कारण तिकडं कुणी फिरकत नाही.
सगळ्यांना मधनंच घुसायचं असतं.
"कडेला जा रे, कडेला!"
सहा वर्षं झाली, घसा तेवढा बसलाय.

मी कडेलाच राहायचो.
अकरा वर्षं, डाव्या हाताच्या चुन्याच्या रेषेवर:
गोव्यात चार, बंगळूरात दोन,
मग शिलाँग,
जिथं थंडीनं आखडलेल्या बोटांना
बुटाची नाडी बांधता यायची नाही,
मग एक क्लब, ज्याचं नाव घेत नाही,
तीन महिन्यांचा पगार अजून येणे आहे.

टीव्हीवर दिसलेला गोल एकच.
समालोचक ओरडला, "लोंडे! लोंडे!"
ढ काही त्याच्या तोंडात बसला नाही.
आई म्हणाली, दुसराच असेल कुणीतरी,
आणि भाकरी उलटायला उठली.

शेवटचे दोन हंगाम बाकावर.
गुडघा, असं मी गावात सांगितलं.
गुडघ्याला काही झालं नव्हतं.
एकोणीस वर्षांचं एक पोरगं
माझ्यापेक्षा जोरात पळत होतं, एवढंच.

बाकावर बसलं की पहिले काही महिने
फक्त आपली रिकामी जागा दिसते.
तिथं आता मी असतो तर.
मग कधीतरी, फार उशिरा,
बॉल दिसायचा बंद होतो
आणि बॉल नसलेली माणसं दिसायला लागतात.

सतारीच्या गल्लीत दस्तगीरचाचा
वाळत घातलेल्या भोपळ्यावर टिचकी मारतात,
कान लावतात, बाजूला ठेवतात.
नापास का, मी एकदा विचारलं.
"नापास कशाला? ओला आहे अजून."

त्यांचाच मुनाफ माझा अकरा नंबर.
सांगलीच्या फायनलला, एकसष्टाव्या मिनिटाला,
मी पाटीवर खडूनं अकरा लिहून वर धरली.
त्यानं आधी मागं वळून बघितलं,
दुसरा कुणी अकरा आहे का ते.
आला. हात मिळवला नाही.
मीही कुणाशी मिळवला नव्हता.
बाटली दिली, ती त्यानं तोंडावर ओतली
म्हणजे चेहरा कशानं ओला ते कळू नये.

भोपळ्याचं सांगावं असं फार वाटलं.
नाही सांगितलं.
चाचांचं ते चाचांनी सांगावं.

बाकाची एक फळी उचकटलेली आहे,
दोघं बसले की चिमटा घेते.
तो सरकला. मी सरकलो.
दहाएक मिनिटं गेली असतील.
बूट काढता काढता थांबून म्हणाला,
"सर, त्यांचा चार नंबर
पुढं गेला की परत येत नाही."

मला ते पहिल्या हाफातच दिसलं होतं.

"कुठला चार?" मी म्हणालो.
"दाखव बघू."