दुसरा खांब

फॉर्मवर पत्त्याचा रकाना असतो.
मी लिहिलं: गाडगे महाराज पूल, खाली,
पंचवटीच्या बाजूने दुसरा खांब.
साहेब म्हणाले, अहिरराव, हा काय पत्ता झाला?
म्हटलं, समन्स नेऊन देणारी मीच आहे.
मला सापडतो.

नाव काशिराम भोये. गाव सुरगाण्याकडचं.
मुकादमाबरोबर द्राक्षांच्या छाटणीला आला,
छाटणी संपली, मुकादम गेला, हा राहिला.
गुन्हा: भांडीबाजारातून पितळेचा एक तांब्या.
त्याच्या देशीच्या अडीच बाटल्या झाल्या,
हे त्यानेच मोजून सांगितलं.

खरं सांगते, आधी मी खांबावर काठीच वाजवायचे.
उठा, चला, उद्या पाहुणे येणारेत.
रात्री गाडीत घालून सोडून यायचो
आडगावच्या पुढे, अंधारात.
दोन दिवसांनी तेच चेहरे, पाय सुजलेले.
हद्द आमची होती, पाय त्यांचे.

आता काठी गाडीतच राहते.
थर्मास नेते. गुरुवारी सिव्हिलच्या सिस्टर येतात
मलम आणि गोळ्या घेऊन.
सात आठवडे तो चहा घ्यायचा, बोलायचा नाही.
आठव्याला म्हणाला,
साखर कमी आहे.

कोर्टात मॅडम विचारतात, "किती दिवस?"
शिक्षेचे नाही. न पिता.
तो बोटं मोजतो. "नऊ."
"बरं. पुढच्या बुधवारी या. दवाखान्याचा कागद आणा."
मागच्या बाकावर एक वकील जांभई देतो.
नऊ हा आकडा टाइप होताना
मी ऐकला.

पाचव्या बुधवारी तो पिऊन आला.
पुकारा झाला. कठडा धरून उभा राहिला.
"किती दिवस?"
"शून्य, मॅडम."
वाटलं, संपलं, आता आत.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"लिहा, शून्य. पुढचा बुधवार."

लोक तारखांना शिव्या घालतात.
आमच्या बांधाची केस वडिलांच्या हयातीत संपली नाही.
पण काशिरामला आजवर
कुणी तारीखच दिली नव्हती.
अमुक वारी ये,
आम्ही तुझं नाव पुकारू,
असं कुणी म्हटलंच नव्हतं.

काल पहाटे दुसरा खांब रिकामा.
पथारी गुंडाळून सुतळीने बांधलेली.
रामकुंडावर पाहिलं, निमाणीला पाहिलं,
मग सिव्हिलमध्ये, मागच्या त्या थंड खोलीतही,
जिथे जाताना मी नाकाला नाही,
डोळ्यांना रुमाल लावते.
नव्हता.

सव्वाआठला कोर्टाच्या फाटकापाशी दिसला.
केस ओले, भांग पाडलेला,
प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद.
"काशिराम, आज मंगळवार आहे."
"मंगळवारी उघडत नाहीत?"
"उघडतात. तुझं नाव उद्या आहे."
त्याने फाटकाकडे पाहिलं, मग पिशवीकडे.
"मग बसतो थोडा."

थर्मासात तळाला चहा होता, गार झालेला.
दिला.
साखरेबद्दल काही बोलला नाही.